फॉरवर्ड तपासायला शिकवण्याचा एक तास

वर्ग आठवीचा घ्या, चार-पाच मुलांचे गट करा. खगोलाची पुस्तकं आणि विश्वकोशाचे खंड टेबलावर असू द्यात.

मजकूर निवडताना धादांत खोटा घेऊ नका. मुलं तो हसून उडवतात आणि ‘सगळंच फेक असतं’ एवढंच घरी नेतात. अर्धा खरा हवा. माझा ठरलेला आहे: ‘२७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीजवळ येणार, चंद्राएवढा दिसणार, नुसत्या डोळ्यांनी पाहा!’ तो फळ्यावर जसाच्या तसा उतरवा.

आता खरी मेहनत. ‘हे खरं की खोटं?’ असं विचारलंत की तास फसला. मुलं फळ्याकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. मजकूर फोडायला लावा, एका ओळीत एकच दावा. मंगळ पृथ्वीजवळ येणार. २७ ऑगस्टला. चंद्राएवढा दिसणार. नुसत्या डोळ्यांनी. फोडताना कुणीतरी विचारतंच, ‘बाई, पण कुठल्या वर्षी?’ वर्ष दिलेलंच नसतं.

लगेच ‘गूगल करू?’ सुरू होतं. थांबवा. अख्खा मजकूर शोधला तर तोच मजकूर दहा ठिकाणी सापडतो आणि मुलांना तो पुरावा वाटतो. एकेक ओळ वेगळी शोधायची. तारीख खरी निघते, पण २००३ सालची. त्या दिवशी मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर होता, जवळपास ६० हजार वर्षांत सर्वांत जवळ. पुढचं गणित मुलांनाच करू द्या: मंगळाचा व्यास चंद्राच्या जेमतेम दुप्पट, अंतर मात्र १४५ पट. म्हणजे तो चंद्राच्या पंचाहत्तराव्या हिश्शाएवढा दिसणार. मग सांगा की मूळ इंग्रजी ई-मेलमध्ये ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीची अट होती, फिरता फिरता ती गळली. हे आधी सांगितलंत तर गणित कुणी करणार नाही.

‘शुद्धलेखनाच्या चुका बघा, वेबसाइट नीटनेटकी आहे का बघा’ असले तक्ते भिंतीवरून काढा. थापा स्वच्छ मराठीतही मारता येतात.

वहीत प्रत्येक ओळीपुढे खरं, खोटं किंवा ‘कळलं नाही’ लिहायचं, सोबत पुस्तकाचं नाव आणि पान. प्रामाणिक ‘कळलं नाही’ला पूर्ण गुण द्या, नाहीतर मुलं पानांचे आकडे ठोकून देतात.

पुढच्या तासाला मजकूर मुलांनी घरून आणायचा. पाठवणाऱ्या काका-मावशीचं नाव खोडून, हे मात्र बजावा.