वाचनालयातील एका संगणकावर चार भाषांची सोय कशी करावी

सोलापुरातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने वाचकांसाठी संगणक ठेवायचे ठरवले, तर त्याच्यासमोर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांतून वाचणारी माणसे बसणार, हे गृहीत धरूनच त्याची मांडणी करावी लागते. अक्कलकोटकडून येणारा कन्नड वाचक, पूर्व भागातील विणकर घरातला तेलुगू बोलणारा विद्यार्थी आणि उर्दू माध्यमात शिकणारी मुलगी यांना तो संगणक मराठी वाचकाइतकाच आपला वाटला पाहिजे. बहुतेक ठिकाणी मात्र एकच खाते उघडून त्यात चारही भाषांचे कीबोर्ड एकत्र घातले जातात आणि काम झाले असे समजले जाते. मग एकाने कीबोर्ड बदलून ठेवला की दुसऱ्याची अक्षरे उमटत नाहीत, तिसऱ्याला पडद्यावरच्या सूचना वाचता येत नाहीत आणि शेवटी सगळेजण मुकाट्याने इंग्रजीकडे वळतात. हे टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे: प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र खाते ठेवावे, आणि कोणती सेटिंग्ज खात्याची असतात व कोणती संपूर्ण यंत्राची असतात, हा भेद सुरुवातीपासून लक्षात ठेवावा. पुढील विवेचन विंडोज ११ धरून केले आहे, कारण वाचनालयांत आणि शाळांत बहुधा विंडोजच असते.

कामाला हात घालण्यापूर्वी सेटिंग्जमधील 'सिस्टिम' विभागात 'अबाउट' हे पान उघडून विंडोजची आवृत्ती नीट वाचून घ्यावी. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती आलेली असते. या आवृत्तीत कीबोर्ड हव्या तितक्या भाषांचे जोडता येतात, परंतु मेनू, सूचना आणि खिडक्यांची शीर्षके यांची भाषा, म्हणजेच प्रदर्शन-भाषा, एकच ठेवता येते. त्यामुळे चार खात्यांना चार प्रदर्शन-भाषा देण्याचा बेत या आवृत्तीवर तडीस जात नाही. अशा वेळी 'प्रो' आवृत्ती विकत घ्यावी, किंवा प्रदर्शन-भाषा आहे तशी ठेवून बाकीची सर्व व्यवस्था खात्यांनुसार करावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुन्या यंत्रावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली, बसवण्याचा पर्यायही गांभीर्याने पाहावा. तेथे भाषांच्या संख्येवर आवृत्तीचे असे बंधन नाही आणि प्रत्येक खात्याला स्वतःची भाषा देता येते.

आता खाती. संगणकाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीचे प्रशासक-खाते एकच असावे, ते तिला सहज वाचता येईल अशा भाषेत असावे आणि त्याचा पासवर्ड वाचकांना देऊ नये. वाचकांची चार खाती 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांच्या प्रकारची करावीत. ती ऑनलाइन मायक्रोसॉफ्ट खात्याशी न जोडता केवळ त्या यंत्रापुरती ठेवणे बरे, कारण ऑनलाइन खात्यासोबत भाषेची निवडही एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकते आणि वाचनालयात दोन संगणक असतील तर एकावरची मांडणी दुसऱ्यावर अवचित उमटते. खाते उघडताना त्याचे नाव आधी रोमन अक्षरांत द्यावे. त्याच नावाने डिस्कवर फोल्डर तयार होते आणि काही जुने प्रोग्रॅम देवनागरी किंवा अन्य लिपीतील फोल्डरच्या नावाला अडतात. खाते एकदा तयार झाले की कंट्रोल पॅनेलमधून त्याचे दिसणारे नाव त्या त्या भाषेच्या लिपीत बदलून घ्यावे. फोल्डरचे नाव त्याने बदलत नाही. हे काम किरकोळ वाटले तरी वगळू नये, कारण कन्नड वाचणाऱ्याची नजर सुरुवातीच्या पडद्यावर कन्नड अक्षरेच शोधते, आणि आपले दार कोणते हे त्याला कोणालाही न विचारता कळले पाहिजे.

त्यानंतर एकेका खात्यात शिरून सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' या विभागातील 'लँग्वेज अँड रीजन' या पानावर ती भाषा जोडावी, भाषा-पॅक, म्हणजे त्या भाषेतील मेनू व सूचनांचा संच, उतरवून घ्यावे, ती प्रदर्शन-भाषा म्हणून निवडावी आणि खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावे. हे चारही वेळा स्वतंत्रपणे करावे लागते. प्रशासक-खात्यात मराठी केली म्हणून वाचकाच्या खात्यात ती आपोआप येत नाही. या चारही भाषांतील भाषांतर अपुरे असल्याने काही पडदे इंग्रजीतच राहतात, ही गोष्ट वाचकांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे मध्येच इंग्रजी दिसल्यावर काहीतरी बिघडले असा समज होणार नाही. उर्दूच्या खात्यात तर पडद्याची सगळी रचनाच उजवीकडून डावीकडे फिरते. स्टार्टचे बटण आणि घड्याळ यांच्या बाजू बदलतात, खिडकी बंद करण्याची फुली डाव्या कोपऱ्यात जाते. देखभाल करणाऱ्याला उर्दू वाचता येत नसेल तर त्याने सेटिंग्जमधील विभागांची चिन्हे आणि त्यांचा क्रम ध्यानात ठेवावा. विंडोज-कळ आणि आय ही अक्षर-कळ एकत्र दाबली की कोणत्याही भाषेत सेटिंग्जच उघडतात, एवढे माहीत असले तरी परतीचा रस्ता सापडतो.

कीबोर्डचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे माणसांच्या हाताला पडलेल्या सवयींशी गाठ असते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्हींसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी आहे. ती १९८६ पासून विकसित होत गेली आणि भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात तिचा समावेश झाला. तिचे मोठे सामर्थ्य हे, की स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला ठेवलेली असून एका ध्वनीची कळ सर्व लिप्यांत तीच राहते. इंग्रजी के-च्या कळीवर देवनागरीत 'क' उमटतो, तर कन्नड व तेलुगू मांडणीत त्याच कळीवर त्या लिपीतला 'क' उमटतो. त्यामुळे वाचनालयाने इनस्क्रिप्टचा एक वर्ग घेतला, तर तो तिन्ही भाषांच्या वाचकांना एकत्र घेता येतो. माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्टच शिकावे. परंतु ज्याने मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय केली आहे, त्याला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्ये २०१९ पासून उपलब्ध आहे आणि तो भाषेच्या 'ऑप्शन्स'मधून दुसरा कीबोर्ड म्हणून जोडता येतो. टायपिंगच्या परीक्षेसाठी टाइपरायटरच्या धर्तीची मांडणी शिकलेल्यांची संख्याही आपल्याकडे मोठी आहे. ती मांडणी मात्र निराळे साधन आणून बसवावी लागते. उर्दूची गोष्ट वेगळी आहे. विंडोजसोबत येणारा उर्दू कीबोर्ड आणि अनेकांच्या हाताला बसलेली ध्वनीनुसार मांडणी या एकसारख्या नाहीत, म्हणून उर्दूत नियमित लिहिणाऱ्या दोन-तीन वाचकांना विचारून मगच निर्णय घ्यावा.

एका खात्यात त्या भाषेचे कीबोर्ड आणि इंग्रजी याखेरीज काहीही ठेवू नये. विंडोज-कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड बदलता येतो. यादीत तीनच नावे असली तर त्या कळा फार तर दोनदा दाबून माणूस पुन्हा जागेवर येतो, आठ नावे असली तर तो वाट चुकतो. कळफलकावर अक्षरांचे स्टिकर लावायचे असतील तर एका कळीवर चार लिप्यांची गर्दी करण्यापेक्षा पडद्यावरचा कीबोर्ड दाखवावा. विंडोज-कळ, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबले की तो उघडतो आणि त्या क्षणी चालू असलेल्या मांडणीची अक्षरे त्याच्या कळांवर दिसतात.

चारही भाषांत हमखास येणारी एक अडचण प्रवेशाच्या पडद्यावर उभी राहते. पासवर्ड इंग्रजी कीबोर्डने ठरवलेला असतो, पडद्यावर मात्र मराठी किंवा उर्दू कीबोर्ड चालू राहिलेला असतो, आणि ठिपक्यांमागे कोणती अक्षरे उमटत आहेत हे दिसत नसल्याने पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. यावर उपाय प्रशासक-खात्यातून करायचा असतो. 'लँग्वेज अँड रीजन' या पानावरील 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' उघडावीत आणि तेथील 'कॉपी सेटिंग्ज' वापरून प्रशासक-खात्यातील इंग्रजी कीबोर्ड स्वागताच्या, म्हणजे प्रवेशाच्या, पडद्याला लागू करावा. तरीही त्या पडद्यावर चालू कीबोर्डचे नाव दिसते तिकडे आधी पाहावे, अशी सवय वाचकांना लावावी. याच जागी युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची एकसमान पद्धत, नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमांसाठी भाषा निवडण्याची सोय आहे. ती संपूर्ण यंत्राला लागू होते आणि तेथे 'मराठी' निवडून काहीही साधत नाही, कारण अशा प्रोग्रॅमांना वापरता येतील अशी भारतीय लिप्यांची जुनी, युनिकोडपूर्व सांकेतिक पाने, म्हणजे अक्षरे आणि अंक यांच्या जोड्यांचे तक्ते, विंडोजमध्ये नाहीत. तेथे भारतातील इंग्रजी ठेवावी आणि पुढे जावे.

फॉन्टच्या बाबतीत मराठी, कन्नड आणि तेलुगू यांची फारशी काळजी नसते, कारण विंडोजमधील निर्मला यूआय हा फॉन्ट या तिन्ही लिप्या दाखवतो. उर्दूची मात्र खास काळजी घ्यावी लागते. आपल्याकडचा उर्दू वाचक नस्तालिक या तिरक्या उतरत्या वळणात वाचत मोठा झालेला असतो आणि नस्ख या अरबीच्या सरळ ओळीतल्या वळणातला मजकूर त्याला वाचता आला तरी परका वाटतो. उर्दू भाषा जोडली की अरबी लिपीचे पूरक फॉन्ट येतात, त्यात उर्दू टाइपसेटिंग हा नस्तालिक फॉन्ट असतो. नोटो नस्तालिक उर्दू हा विनामूल्य फॉन्टही बसवता येतो. नस्तालिकची अक्षरे तिरकी उतरत जात असल्याने तिला ओळींमध्ये अधिक जागा लागते, म्हणून लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराचा आकार आणि ओळींमधील अंतर दोन्ही वाढवून ठेवावेत. कोणताही नवा फॉन्ट बसवताना 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' हाच पर्याय निवडावा. नुसते 'इन्स्टॉल' म्हटले तर तो फॉन्ट त्या एकाच खात्यापुरता बसतो आणि बाकीच्या खात्यांत दिसत नाही. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फायली पेनड्राइव्हवर येतच राहतात. त्यांचा मजकूर रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसला तर तो दोष संगणकाचा नसतो, आणि त्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय त्यांत शोध घेता येत नाही.

लिब्रेऑफिस हा लेखन व कार्यालयीन कामांचा विनामूल्य प्रोग्रॅम वापरत असाल तर स्वतंत्र खात्यांचा आणखी एक लाभ पदरात पडतो. त्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या सर्व एकाच गटातल्या, म्हणजे जटिल मांडणीच्या लिप्या आहेत, आणि त्या गटासाठी मूळ भाषा व मूळ फॉन्ट एकच ठरवता येतो. एका खात्यात चारही भाषा लिहिल्या तर कन्नड मजकुरावर हिंदीचे शुद्धलेखन तपासले जाण्याचा प्रकार घडतो. खाती वेगळी असली की प्रत्येकाची मूळ भाषा वेगळी राहते. उर्दूच्या खात्यात परिच्छेद उजवीकडून सुरू करण्याची बटणे टूलबारवर आणून ठेवावीत. ब्राउझरमध्येही प्रत्येक खात्यात पसंतीच्या भाषांचा क्रम लावावा, म्हणजे ज्या संकेतस्थळांना अनेक भाषा आहेत ती योग्य भाषेत उघडतील.

खाते भाषेचे असले तरी ते एका माणसाचे नाही, हे ध्यानात ठेवून ब्राउझर बंद होताच कुकीज (संकेतस्थळांनी यंत्रावर ठेवलेल्या ओळखीच्या नोंदी) आणि इतिहास पुसला जाईल अशी व्यवस्था करावी. शिष्यवृत्तीचा अर्ज, डिजिलॉकर, निकाल, बँक अशी कामे लोक येथे करतात आणि आधीच्या माणसाचे खाते उघडे सापडणे हा मोठा धोका आहे. पासवर्ड जतन करण्याची विचारणा ब्राउझरमधून बंदच करावी. काम झाल्यावर नुसते दुसऱ्या खात्याकडे न वळता 'साइन आउट' करायला सांगावे. तसे न केल्यास आधीचे खाते मागे चालूच राहते आणि चार जीबी मेमरीचे यंत्र दुपारपर्यंत रखडू लागते. सर्वांना वाचायच्या फायली 'पब्लिक' फोल्डरमध्ये ठेवाव्यात, त्या चारही खात्यांतून उघडतात.

वाचकांसाठी संगणक खुला करण्यापूर्वी प्रत्येक खात्यात त्या भाषेच्या जाणकाराला बसवून थोडे लिहून आणि छापून पाहावे. मराठीसाठी 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'ॲप', 'ऑक्टोबर', 'आळंदी' आणि 'ज्ञानेश्वर' एवढे शब्द पुरतात. इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या' लिहिताना 'स'नंतर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ आणि शेवटी ई दाबावी लागते. तेथे 'र्‍या'चे वळण नीट उमटले नाही किंवा 'र'खाली टिंब दिसू लागले तर त्या प्रोग्रॅममधील फॉन्ट बदलावा. पडद्यावर ठीक दिसलेला मजकूर कागदावर तुटू शकतो, म्हणून छपाईची चाचणी टाळू नये, विशेषतः नस्तालिकची. विंडोजचे मोठे अद्यतन आल्यावर चारही खात्यांत एकदा शिरून कीबोर्डांची यादी पुन्हा पाहावी. न मागता अमेरिकी इंग्रजीचा एखादा जादा कीबोर्ड यादीत आलेला दिसला तर तो तेव्हाच काढून टाकावा.