टेकडीवर जा, पण इयरफोन घरी ठेवा

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी बरीच वर्दळ असते, पण अनेकांच्या कानात इयरफोन आणि तोंडी ऑफिसचंच गाऱ्हाणं. पाय मोकळे होतात, डोकं तसंच राहतं.

२०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये मनःस्वास्थ्य चांगलं असल्याचं सांगणारे जास्त निघाले. हे दोन तास एकदम काढले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. (मुळात बरं असलेले लोकच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता आहेच.)

म्हणून रविवारच्या ट्रेकची वाट पाहू नका. आठवड्यातून चार दिवस अर्धा अर्धा तास, जवळच्या झाडीत. फोन सायलेंटवर. तोच तो विचार फिरून आला, की एखादा पक्षी आवाजावरून शोधायला लागा. लक्ष बाहेर वळतं. सोबत कुणी असेल तर पहिली दहा मिनिटं गप्प चाला. हे अवघड जातं, पण जमतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर नुसत्या फिरण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.