पिल्लाला पाणी पाजू नका, आणि पक्षीप्रेमींच्या इतर काही चुका

मे महिन्यात सांगलीला वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजतो. "काका, पिल्लू पडलंय. पाणी पाजलं तर मानच टाकली." पाणी का पाजलंत, हे विचारून विचारून थकलो.

पक्ष्याच्या जिभेमागेच श्वासनळीचं तोंड असतं आणि त्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. हे मी चांगल्या मार्गाने शिकलो नाही. विश्रामबागेत आमच्या जास्वंदीखाली सापडलेल्या बुलबुलाच्या पिल्लाला मीच ड्रॉपरने चार थेंब पाजले. चोचीवर बुडबुडा आला आणि दहा मिनिटांत ते तळहातावर गार पडलं. समोरच्या तारेवर एक बुलबुल चोचीत हिरवी अळी धरून अस्वस्थ होऊन बसला होता. पिल्लू पडलेलं नव्हतंच. बुलबुलाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना खाली येऊन भरवतात.

आता मी आधी अंग बघतो. पिसं आलेली, शेपूट आखूड, तर जवळच्या फांदीवर ठेवतो आणि मांजर घरात कोंडतो. उघडंवाघडं असेल तर घरट्यात परत. माणसाचा वास लागला की आई टाकते, हे खोटं आहे.

दुसरी चूक बोलण्यातली. "पंख असतो तो पक्षी." मग वटवाघूळ? फुलपाखरू? अहो, पंख नव्हे, पीस! आजच्या जिवंत प्राण्यांत पिसं फक्त पक्ष्यांना. शहामृग उडत नाही, तरी पक्षीच. पोरांना मी कबुतराच्या पंखातलं पीस देतो. उलटं बोट फिरवलं की विस्कटतं, सुलट फिरवलं की बारीक आकड्या एकमेकींत अडकून पुन्हा सपाट. दप्तराच्या चेनसारखं.

बाकीचं थोडक्यात. रोहित पक्ष्याचा मागे वाकणारा 'गुडघा' हा घोटा आहे; खरा गुडघा वर पिसांत दडलेला. घुबड डोळे फिरवत नाही, मान फिरवतं, 270 अंशांपर्यंत. सगळ्याच पक्ष्यांची हाडं पोकळ नसतात. पेंग्विनची बरीचशी भरीव असतात, बुडी मारायला बरी.

आणि मायणीच्या तलावावर उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे लेन्सवाले! अशा नवशिक्यांना मी आठवडाभर नुसते दारातल्या पाखरांचे पाय बघायला सांगतो. चिमणी टुणटुण उड्या मारते, साळुंकी चालते. परवा एकाने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "काका, याचं ॲप नाही का?"