सुईच्या आधी बोट: ॲक्युपंक्चर शिकायला निघालेल्यांसाठी

पहिले दोन महिने सरांनी आम्हाला माणसाच्या अंगाला सुई लावूच दिली नाही. जुने कागद घडी घालून दोऱ्याने करकचून बांधायचे आणि त्या गठ्ठ्यात रोज शंभरदा सुई घालायची, काढायची. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सुई फिरवता आली पाहिजे, पण वाकता कामा नये. मग संत्रं आलं. सालीतून आत जाताना एक बारीकसा धक्का बोटाला कळतो, तो कळला की थांबायचं, खालच्या फोडीला धक्का लावायचा नाही. मी तेव्हा चार वर्षं फिजिओथेरपीची प्रॅक्टिस केलेली. हे पोरखेळ वाटत होते. आज माझ्याकडे कोणी शिकायला आलं तर मीही त्याच्या हातात आधी कागदाचा गठ्ठाच देते.

मी सोलापूरची. इथे 'ॲक्युपंक्चर' म्हटलं की लोक लगेच इथल्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतात. त्यांचा आम्हाला अभिमान आहेच, पण नव्या विद्यार्थ्याने इतिहास नीट माहीत करून घ्यावा. कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शल्यविशारद होते. त्यांनी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि परत येऊन त्यांनी कलकत्त्यात उपचार सुरू केले. पुढे लुधियानात या पद्धतीचं रुग्णालय उभं राहिलं, त्याला नाव मात्र कोटणीसांचं दिलं गेलं. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

शिकायला लागल्यावर पहिली धडकी भरते ती बिंदूंच्या यादीने. चौदा वाहिन्या, म्हणजे चिनी वैद्यकानुसार शरीरात प्राणशक्ती वाहते त्या वाटा, आणि त्यांच्यावरचे सुई लावायचे ३६१ बिंदू. माझा सल्ला असा की पाठांतराच्या मागे लागू नका. पंचवीस-तीस बिंदू असे शिका की डोळे मिटून बोट तिथे गेलं पाहिजे. मोजमापाचं एकक आहे त्सुन, आणि ते रोग्याच्या स्वतःच्या बोटांनी ठरतं. त्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, जोडलेली चार बोटं म्हणजे तीन. आयुर्वेदातलं स्वांगुलप्रमाण ज्याने वाचलंय त्याला हे घरचंच वाटेल. उदाहरणार्थ एसटी-३६ हा बिंदू घ्या, चिनी नाव झू-सान-ली. (अशा नावांत आधी वाहिनीचं इंग्रजी लघुरूप येतं, मग बिंदूचा क्रमांक. एसटी म्हणजे स्टमक, जठराची वाहिनी.) गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली, आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे बोट दाबून थोडं वर-खाली सरकवलं की एका जागी माणूस 'हां, तिथंच' म्हणतो. बिंदू तो. पुस्तकातली जागा आणि ही जागा यांत कधी अर्ध्या बोटाचा फरक पडतो, तेव्हा बोटाचं ऐकावं.

सुई योग्य जागी लागली की जे जाणवतं त्याला चिनीत 'द-ची' म्हणतात. आमच्याकडच्या बायका त्याला काय काय म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे: जड पडलं, भरून आलं, मुंग्या आल्या, बोटापर्यंत कळ गेली. चिनी ग्रंथातही नेमकी हीच वर्णनं आहेत: ठणका, बधिरपणा, फुगार, जडपणा. चुरचुर झाली किंवा विजेसारखा चटका बसला तर मात्र सुई कातडीत अडकलेली असते नाहीतर नसेला लागलेली असते. लगेच थोडी मागे घ्यायची.

आता माझ्या रोग्यांबद्दल, कारण खरं मी त्यांच्याकडून शिकले. सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. सूप मांडीवर, मान खाली, दोन्ही अंगठे सतत फिरते, असं रोज आठ-दहा तास. त्या बायकांची मान आणि खांदे दगडासारखे झालेले असतात, अंगठ्याच्या मुळाशी सूज असते. आणि बहुतेकजणी अंगाने काटकुळ्या. मान आणि खांद्याच्या मध्ये जीबी-२१ नावाचा बिंदू आहे. खांदेदुखीला तो सगळ्यांच्या आवडीचा. पण कृश माणसाच्या तिथे कातडीपासून दीड-दोन सेंटीमीटरवर फुप्फुसाचं टोक असू शकतं. चाळीस मिलिमीटरची सुई सरळ खाली घातली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरेल. स्नायू चिमटीत उचलून, उथळ, तिरपी सुई घालायची, किंवा त्या बाईला तिथे नुसता अंगठ्याने दाब देऊन हातापायाचे बिंदू घ्यायचे. म्हणून मी म्हणते की शरीररचना पक्की नसताना या वाटेला येऊ नका. कोणत्या बिंदूखाली काय आहे हे माहीत नसलेला माणूस बारीक सुईनेही जीव धोक्यात घालू शकतो.

माझी पहिली मोठी चूक याहून साधी होती. पन्नाशीच्या एक मावशी मानेसाठी आल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवून मानेला चार सुया लावल्या आणि वहीत नोंद करायला वळले. मागून आवाज आला, "ताई, डोळ्यापुढं अंधारी येतीय." वळून बघते तो चेहरा पांढराफटक, ओठावर घाम. मी त्यांचा हात धरून उभी राहिले, पुढे काही सुचेना. सर आतून आले. आधी सगळ्या सुया काढल्या, मग त्यांना आडवं केलं, पायाखाली दोन उशा दिल्या. पाच मिनिटांत रंग परत आला. मग गोड चहा. सरांनी त्यांना विचारलं, "जेवलात कधी?" तो विड्या पोचवायचा दिवस होता. मावशी पहाटेपासून फक्त चहावर होत्या. सर मला काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून माझा पहिला प्रश्न 'कुठे दुखतंय' हा नसतो, 'काय खाल्लंय' हा असतो. आणि पहिल्या खेपेला प्रत्येक रोगी आडवाच. बसवून सुया नाहीत.

प्रश्न विचारण्याचं आणखी एक कारण. कंबरदुखीचे एक मामा आले होते, सरांनी त्यांना सुई लावायला साफ नकार दिला. लघवी होताना कळत नाही आणि बसायच्या जागी बधिर वाटतं असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. सरांनी हातातली सुई ठेवली, चिठ्ठी लिहिली आणि त्याच रिक्षाने त्यांना मणक्याच्या शल्यविशारदाकडे धाडलं. मज्जारज्जूच्या खालच्या नसांवर दाब होता, तासांचा प्रश्न होता. ताप, रात्री झोपू न देणारं दुखणं, कारण नसताना घटलेलं वजन, पाऊल लटकं पडणं: यांतलं काही दिसलं की सुयांचा डबा बंद. गरोदर बाईला हातावरचा एलआय-४ आणि घोट्याच्या थोडा वरचा एसपी-६ परंपरेनेच वर्ज्य मानतात. काही वेळा सुयांना सौम्य वीज जोडूनही उपचार करतात, पण पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही.

नाडी आणि जीभ बघून रोग ओळखणं शिकायला वेळ द्या. चिनी नाडीपरीक्षा प्रत्येक मनगटावर तीन जागी होते. मला त्यातलं थोडं कळतं, फार नाही, पण रोज तीन बोटं मनगटावर ठेवल्याने रोग्याकडे लक्ष देण्याची सवय लागते. जिभेचं मात्र आमच्याकडे वेगळंच. पान, मावा, मिश्री आणि हळदीचं कालवण यांनी रंगलेली जीभ बघून 'पित्ताची उष्णता' असं लिहून मोकळे झालेले विद्यार्थी मी पाहिलेत. तोंड धुवायला लावा आणि मग बघा.

सोबतच्या उपचारांपैकी कपिंग, म्हणजे कातडीला कप चिकटवून आतून ओढ देणं, मला जवळचं वाटतं, कारण ती आपली तुंबडीच. वैदू लोक गावोगाव तुंबडी लावत, तेच काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या कपाने करायचं. काळे-निळे गोल डाग आठवडाभर राहतात. हे आधी सांगा, नाहीतर घरी नवरा-सासू विचारतात आणि बाई परत येत नाही. मॉक्सा म्हणजे नागदवण्याच्या जातीच्या वाळल्या पानांची कांडी पेटवून बिंदूला दिलेला शेक. थंडीने आखडणाऱ्या गुडघ्यांना तो सुखावतो. धूर मात्र बराच होतो. दमेकरी रोगी खोलीत असताना पेटवू नका, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तर अजिबात नाही. त्याला भाजलेलं कळत नाही.

आता तो प्रश्न, जो तुम्हाला प्रत्येक एमबीबीएस डॉक्टर विचारेल: याने खरंच काही होतं का? टाळू नका, अभ्यास करा. जर्मनीत २००७ साली कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली. सुया नेमक्या बिंदूंवर घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना आराम पडला. बिंदू सोडून भलतीकडे उथळ सुया घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. नेहमीची औषधं आणि व्यायाम घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रभर अस्वस्थ होते. सुयांचा फायदा दिसतो, पण बिंदू किती नेमका हवा यावर ते मोठं प्रश्नचिन्ह लावतात. मी तरीही बिंदू नेमकाच शोधते, कारण शोधताना जो हात फिरतो, जी विचारपूस होते, तिचाही उपचारात वाटा आहे असं मला वाटतं. पण रोग्याला मी एवढंच सांगते: दुखणं कमी व्हायला मदत होईल, पाच-सहा बैठकांत फरक नाही पडला तर थांबू. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व सुयांनी बरं करतो म्हणणाऱ्यांच्या पाट्या तुम्हाला दिसतील. त्यांच्या रांगेत उभं राहू नका.

प्रवेश घेताना काळजी घ्या. मी स्वतः आधी एका ठिकाणी पैसे भरले होते. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार, शेवटी चकचकीत प्रमाणपत्र, आणि तेवढ्या काळात मी एकाही रोग्याला हात लावला नव्हता. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे. अभ्यासक्रमाला तिची मान्यता आहे का आणि नंतर नोंदणी मिळेल का, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. दुसरा प्रश्न: वरिष्ठांच्या देखरेखीखाली किती रोग्यांना मी स्वतः सुया लावणार? उत्तर गोलमोल आलं तर उठून या. उत्पन्नाबाबत: पहिलं दीड वर्ष माझं घर फिजिओथेरपीवरच चाललं. हातात दुसरं काम असेल तर ते सोडू नका.

सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातल्या, आणि वापरून झाल्या की पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. यात तडजोड नाही, हे लिहावं लागू नये. पण मोजणीबद्दल लिहायलाच हवं. एकदा डोकेदुखीसाठी मी एका मावशींच्या टाळूवर सुई लावली. काढताना हातापायाच्या सगळ्या काढल्या, केसांतली राहिली. मावशी अंबाडा घालून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच त्या पायरीवर बसलेल्या होत्या, हातात विडीच्या लेबलाच्या कागदाची पुडी. "रात्री फणीला लागली ताई. तुमची आहे ना?" एवढंच म्हणाल्या. सुई साडेतीन सेंटीमीटरची, जराशी वाकलेली. त्या वाकलेल्या भागाकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

तेव्हापासून वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत, 'घातल्या' आणि 'काढल्या'. मी मोठ्याने मोजते, रोगीही सोबत मोजतो. त्या मावशी अजून येतात. शेवटच्या सुईला त्याच आधी म्हणतात, "नऊ."