तुम्ही रजेवर, काम चालू

मालक सुट्टीवर गेला तरी धंदा चालावा, तर कामाच्या पद्धती कागदावर हव्यात. आधी फोन उघडा. गेल्या आठवड्यात तुमच्या माणसांनी काय काय विचारलं ते वाचून काढा. ‘सर, एवढी सूट देऊ का?’ ‘माल सोडू का?’ ‘बिल कोणाच्या नावाने काढू?’ जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, पहिली पद्धत तिथेच बसवायची. अख्ख्या कंपनीची जाडजूड नियमावली करायला बसू नका. कंपन्यांचं कामकाज लावून देणं हाच माझा व्यवसाय आहे. अशा फायलींवरची धूळ मीच झटकत असते.

कागद तुम्ही लिहू नका. जो ते काम रोज करतो त्याला काम करता करता बोलू द्या, शेजारी बसून दुसऱ्याने उतरवून घ्यावं. ‘पेमेंट तपासून माल सोडणे’ ही ओळ दिसायला ठीक, पण कामाची नाही. तपासायचं कुठे, कसं? त्याऐवजी असं हवं: ‘बँक खात्यात रक्कम जमा दिसली, मगच मालाचं चलान काढा. ग्राहकाने नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर थांबा. रक्कम कमी आली तर अकाउंट्सला विचारा. उत्तर येईपर्यंत गाडी भरू नका.’ नवखा माणूस अडतो तो अशाच ठिकाणी. सूट असेल तर आकडा बांधून द्या: ५ टक्क्यांपर्यंत विक्रीवाल्याने स्वतः ठरवावं, पुढचं व्यवस्थापकाने. चिडलेल्या जुन्या ग्राहकाशी काय बोलायचं, याचा मात्र कागद करू नका.

जुनीजाणती माणसं नाक मुरडतील. त्यांना बोइंगच्या मॉडेल २९९ या विमानाची गोष्ट सांगा. ३० ऑक्टोबर १९३५ला चाचणीच्या उड्डाणात ते कोसळलं. वैमानिक मुरलेले होते. पण उभ्या विमानाची शेपटीकडची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायचीच राहिली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हाती तपासयादी आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ बॉम्बर म्हणून १२ हजारांहून जास्त संख्येने बनलं.

कागद झाला की ज्याने हे काम कधीच केलेलं नाही त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. (मालकांना हेच सगळ्यात जड जातं.) तो जिथे मान वर करून बघेल तिथे खूण करा, ती ओळ बदला. मग दोन दिवस खरोखर सुट्टीवर जा. ‘काही लागलं तर फोन करा’ असं म्हणू नका, कारण ते करतातच.

कागदावर तारीख आणि तो सांभाळणाऱ्याचं नाव टाका. बदल झाला की जुनी प्रत भिंतीवरून, ग्रुपवरून त्याच दिवशी काढा. दोन प्रती फिरत राहिल्या तर जो तो आपल्या सोयीची पुढे करतो.