रेझ्युमे बनवताना मला उशिरा कळलेल्या गोष्टी (बडोद्यातल्या फ्रेशर्ससाठी)

कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल संपवलं तेव्हा माझा रेझ्युमे दोन पानी होता, डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो, प्रत्येक स्किलपुढे स्टार. मला तो फार आवडायचा. इथल्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यांपासून पुण्यापर्यंत तीनेक महिने पाठवत राहिलो, एक फोन आला नाही.

दांडिया बझारात आमच्या शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर क्वालिटीत काम केलेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रेनिंगला जात होतास ना, सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचास?" मी सांगत गेलो, की मायक्रोमीटर घेऊन बसायचो, सीएनसी मशीनवरून आलेले शाफ्ट मोजायचो, दिवसाला साठ-सत्तर तरी, रजिस्टरमध्ये नोंद करायची, आणि टूल झिजून ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, वाढायला लागला की ऑपरेटरला सांगायचं म्हणजे तो ऑफसेट देतो, मशीनमध्ये तेवढी दुरुस्ती भरतो. काका म्हणाले, "मग हे लिहिलंयस कुठे?" मी फक्त लिहिलं होतं, इंडस्ट्रियल ट्रेनिंग, सहा आठवडे. वर्कशॉप छोटं, दहा-बारा माणसांचं, म्हणून त्यात काय सांगायचं असं मला वाटायचं.

तर पहिलं काम हे करा. ट्रेनिंग असो, प्रोजेक्ट असो की मामाच्या दुकानात टॅलीवर केलेल्या एंट्र्या असोत, आधी मराठीत बोलून दाखवा कोणालातरी, मग इंग्रजीत लिहा, ओळ क्रियापदाने सुरू करा, आकडा खरा असेल तरच टाका कारण इंटरव्ह्यूत त्यावरच विचारतात. हार्डवर्किंग, टीम प्लेअर हे सगळेच लिहितात, त्या जागेत एक खरं काम बसतं.

दुसरं फॉरमॅटचं. बऱ्याच कंपन्यांच्या पोर्टलवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, एटीएस म्हणतात त्याला, आणि दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स असले की बऱ्याचदा त्याचा गोंधळ होतो. घरी तपासायची सोपी पद्धत म्हणजे पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. माझा पेस्ट केला तर फोन नंबर शिक्षणाच्या मधोमध आला होता आणि स्टार तर गायबच! एक कॉलम, साधा फॉन्ट, फ्रेशरला एक पान पुरतं. मोबाईलने फोटो काढून केलेली पीडीएफ पाठवू नका, त्यात सिलेक्ट करायला अक्षरंच नसतात. जाहिरातीत जो शब्द आहे, समजा जीडी अँड टी (ड्रॉइंगवर माप, आकार आणि त्यातली चालणारी चूक दाखवायची पद्धत), तो तुम्हाला खरंच येत असेल तर तसाच लिहा.

वडिलांचं नाव, जात, आधार नंबर, पूर्ण पत्ता, खालचं डिक्लेरेशन, सगळं काढा. नुसतं शहर चालतं.

आणि हे खास आपल्या बडोद्यातल्या मराठी मुलांसाठी. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, ते तसंच उतरवलं की पोर्टलमध्ये आडनावच पहिलं नाव होऊन बसतं, तेव्हा फॉर्मचे रकाने नीट बघून भरा. भाषांमध्ये आपली मुलं इंग्रजी-हिंदी लिहून थांबतात, अरे, घरात मराठी, बाहेर गुजराती, दोन्ही येतात ना? इथल्या शॉप फ्लोअरवर गुजराती लागते, पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत मराठी. मी हे लिहायला लागल्यावर चाकणहून आलेला पहिला फोन मराठीतच सुरू झाला.

तिथे इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न शाफ्टच्या ओळीवर आला, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? ०.०१ मिलीमीटर. हातात धरलेला होता म्हणून लगेच सांगता आलं, मग त्यांनी एक पार्ट पुढे सरकवला आणि म्हणाले, मोजून दाखवा.