स्वतःच डिझाइन शिकताय? मराठी कामात या चुका टाळा

नोकरीवरून आल्यावर रात्री यूट्यूब लावून डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींच्या फाइली मी बरीच वर्षं बघतो आहे. चिकाटीत ती कुणाला हार जाणार नाहीत. पण एक गोष्ट सारखी डोळ्यांवर येते. इंग्रजी पोस्टर नीटनेटकं असतं आणि त्याच हाताने केलेलं मराठी पोस्टर कुठेतरी बिनसलेलं असतं. कारण बहुतेक व्हिडिओ रोमन लिपी गृहीत धरून केलेले असतात, आणि त्यातली मापं आपण जशीच्या तशी देवनागरीला लावतो. प्रत्यक्षात हाताशी येणारी कामं असतात लग्नपत्रिकेची, दुकानाच्या पाटीची, पतसंस्थेच्या अहवालाची. म्हणजे मराठीचीच. कॉलेजात न गेलेल्याचा कस इथेच लागतो.

जोडाक्षरं फुटली आहेत, हे न बघताच फाइल पाठवणं

‘विद्यार्थी’ हा शब्द टाइप करून बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसली, ‘द’खाली पाय मोडल्याची खूण दिसली आणि रफार ‘थी’च्या डोक्यावर न चढता सुटा ‘र्’ होऊन उभा राहिला, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. सॉफ्टवेअरचं मजकूर मांडणारं इंजिन रोमनसाठी लावलेलं असतं. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात जा. तिथे आवृत्तीनुसार ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ किंवा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा पर्याय सापडतो. इलस्ट्रेटरमध्ये त्याच विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करावं लागतं आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर (ओळी मांडणारं इंजिन) निवडायचा. इनडिझाइनमध्येही कंपोझर तिथेच बदलतो, तिथे त्याचं नाव ‘वर्ल्ड-रेडी’ असतं. जुना मजकूर पुन्हा निवडून त्याला नवा कंपोझर लावा, नाहीतर तो फुटलेलाच राहतो.

दुसरं दुखणं जुन्या फाँटांचं. अनेक छापखान्यांत अजून श्री-लिपीसारख्या प्रणालींतल्या युनिकोडपूर्व फाँटांवर काम चालतं. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत.) या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पण त्यानंतर रफार, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’ आणि अनुस्वार एकेक करून तपासा. नवीन काम सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करा.

रोमनची मापं देवनागरीला लावणं

शीर्षकाला ऐट यावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणं ही रोमनमधली लाडकी युक्ती. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. ‘महाराष्ट्र’ असं फाकवलं की शब्द उरत नाही, सुटे तुकडे उरतात. हवा हवी असेल तर ती शब्दाभोवती सोडा.

ओळींमधलं अंतर हा त्याहून मोठा घोळ. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो’ अंतर अक्षराच्या 120 टक्के असतं. रोमनला ते पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, त्यावर ‘द्ध’, ‘ट्ट’सारखी खाली वाढणारी जोडाक्षरं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मजकूर 10 पॉइंटचा असेल तर ओळ 15 वर ठेवून सुरुवात करा आणि मग डोळ्यांनी कमी-जास्त करा.

आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं हा भेद आकार, जाडी आणि मोकळी जागा यांतूनच दाखवायला हवा. मग काही जण सॉफ्टवेअरचं खोटं बोल्ड वापरतात. त्याने ‘क्ष’, ‘ष’, ‘भ’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात आणि छोट्या आकारात नुसते काळे ठिपके दिसतात. खोटं तिरकं करणंही टाळा. ज्या फाँटकुटुंबात खऱ्या वेगवेगळ्या जाड्या आहेत तेच घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ सात जाड्यांत मिळतो, ‘पॉपिन्स’मध्ये रोमन आणि देवनागरी दोन्ही आहेत. दोन्ही गूगल फाँट्सवर मोफत आहेत आणि व्यावसायिक कामाला चालतात. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेला फाँट ग्राहकाच्या कामात घालू नका.

एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. बऱ्याच चांगल्या फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच आपली रूपं उमटतात. गावच्या शाळेच्या स्मरणिकेवर ‘शाळा’ हा शब्द मराठी वळणाचा दिसावा, एवढा आग्रह आपण धरायलाच हवा.

व्हिडिओ बघत राहणं, अक्षर न गिरवणं

सॉफ्टवेअरचे पाठ संपत नाहीत, आणि ते बघताना शिकल्यासारखं वाटतं. त्यातला थोडा वेळ काढून बोरू किंवा कटनिब हातात घ्या. देवनागरीच्या लेखणीचं टोक रोमनच्या रुंद निबेच्या उलट दिशेने तिरकं कापतात, म्हणून जाड-बारीक रेषाही वेगळ्या जागी येतात. हे एकदा हाताला कळलं की स्क्रीनवरचं बेगडी ‘देवनागरीसारखं’ अक्षर लगेच ओळखू येतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधा, ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवा. नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षराच्या वळणातून कसा कळतो, हे त्या अक्षरांत आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारे र. कृ. जोशी सुलेखनातून थेट संगणकाच्या फाँटांपर्यंत गेले. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचाच. गिरवलेलं काम सरावाच्या वहीत ठेवायचं, स्वतःचं म्हणून दाखवायचं नाही.

छापखान्याचा उंबरा न ओलांडणं

स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट का आला, याचं उत्तर छापखान्यातला माणूस पाच मिनिटांत दाखवतो. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शाईंनी होते, आणि त्या शाईंना सगळे रंग साधत नाहीत. म्हणून छपाईचं काम सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीत करा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, 100 टक्के ठेवा. चार शाईंचं मिश्रण केलं आणि प्लेट जराशी सरकली की अक्षरांना रंगीत कडा येते. कापणीसाठी चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीची जागा सोडा, हातात धरून बघायच्या कामाला फोटो 300 डीपीआयचा (इंचाला 300 ठिपके) घ्या. उंचावर लागणाऱ्या फ्लेक्सला एवढं लागत नाही, उगाच फाइल जड होते. ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे अक्षरांचे आकार करून पाठवा, असं छापखान्यातून सांगतील, तेव्हा कर्व्ह करण्याआधीची मजकूर बदलता येईल अशी प्रत स्वतःकडे ठेवा. तारीख आणि मुहूर्त शेवटच्या क्षणी बदलतातच.

‘कसं दिसतंय?’ असं विचारणं

कॉलेजातल्या मुलांचं काम भिंतीवर लावून शिक्षक आणि वर्गमित्र त्यावर बोलतात. एकट्याने शिकणाऱ्याला हे मिळत नाही, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मित्रांना ‘कसं दिसतंय?’ विचारलं की ‘भारी’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी पोस्टर क्षणभर दाखवून मोबाइल उलटा करा आणि विचारा, ‘काय वाचलंस? कार्यक्रम कधी आहे?’ वेळ सांगता आली नाही, तर मांडणी चुकली आहे. मोठ्या माणसांना दाखवा, चष्मा न लावता वाचायला सांगा. पत्रिका असेल तर ती घरोघर घेऊन जाणाऱ्या काकूंना दाखवा. स्थळ आणि वेळ शोधताना त्यांचं बोट कुठे अडखळतं ते बघा आणि तिथेच दुरुस्ती करा.

पोर्टफोलिओचंही, म्हणजे दाखवायच्या नमुन्यांचंही तसंच. प्रसिद्ध कंपन्यांचे लोगो नव्याने करून दाखवणारे ढिगाने आहेत. तालुक्याच्या एसटी स्थानकावरचं वेळापत्रक घ्या. गावांची नावं लांब-आखूड, गाड्यांचे प्रकार निराळे, वाचणारा घाईत. ते सुधारून दाखवा, आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवा, आणि कुठला निर्णय का घेतला ते दोन ओळींत लिहा. काम देणारा माणूस त्या दोन ओळी आवर्जून वाचतो.

तोंडी बोलण्यावर काम सुरू करणं

काय करायचं, कुठल्या आकारात, किती वेळा बदल करून देणार, मजकूर कोण तपासणार आणि पैसे कधी, हे एका मेसेजमध्ये लिहून होकार घ्या. आगाऊ रक्कम मागताना संकोच नको. छपाईआधी अंतिम प्रतीवर ‘मजकूर तपासला, छापायला हरकत नाही’ असं ग्राहकाकडून लेखी घ्या. आडनावातली वेलांटी चुकली, तर पत्रिका पुन्हा कुणाच्या खर्चाने छापायच्या हा वाद त्या एका ओळीने मिटतो.